छंदातील इलेक्ट्रॉनिक्स आणि विद्युत परिपथाचे आकलन : कुसगाव परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

छंद म्हणून इलेक्ट्रॉनिक्सचे छोटे प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यास विद्युत परिपथ आपोआप समजतो, असे सर्वसाधारणपणे गृहीत धरले जाते. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची तपासणी केली आहे. विद्यार्थ्यांच्या मनातील परिपथविषयक गैरसमज, लोणावळा-खोपोली जलविद्युत योजनेच्या आधारे त्यांचे निराकरण, पाण्याची पातळी दाखविणाऱ्या एका परिचित प्रकल्पाचे आकडेवार विश्लेषण आणि पुणे जिल्ह्यातील काही संस्थांचे कार्य यांच्या साहाय्याने असे प्रतिपादन केले आहे की, प्रकल्प चालणे हा आकलनाचा पुरावा नव्हे. आधी वर्तविलेले मूल्य, प्रत्यक्ष मोजलेले मूल्य आणि त्या दोहोंतील तफावतीची उकल या तीन गोष्टींतून आकलन सिद्ध होते.

महत्त्वाच्या संज्ञा : विद्युत परिपथ, छंद-प्रकल्प, विभवांतर, रोध, मापन, मूल्यमापन.

१. प्रस्तावना

पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात लोणावळ्यालगत कुसगाव बुद्रुक हे गाव वसले आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग या गावाजवळून जातो आणि अभियांत्रिकी व व्यवस्थापनाचे शिक्षण देणाऱ्या महाविद्यालयांचे मोठे संकुल येथे उभे आहे. गावापासून जवळच वळवणचे धरण आहे. एकीकडे परिपथांचे शिक्षण घेणारा तरुण वर्ग आणि दुसरीकडे शंभर वर्षांहून अधिक काळ विजेच्या निर्मितीसाठी घाटाखाली उतरणारे पाणी, असा योग या परिसरात जुळून आला आहे. विद्युत परिपथ कसा शिकावा व शिकवावा, या प्रश्नाच्या विचारास हा परिसर म्हणूनच विशेष उपयुक्त ठरतो.

प्रश्नाचे स्वरूप कोणत्याही विज्ञान वा अभियांत्रिकी महाविद्यालयातील अध्यापकांस परिचित आहे. प्रकल्पाच्या परीक्षेत टेबलावर ठेवलेला परिपथ व्यवस्थित चालतो. दिवा लुकलुकतो, भोंगा वाजतो, पडद्यावर तापमानाचा आकडा दिसतो. परंतु “येथे ४७० ओहमचाच रेझिस्टर का घेतला?” असे विचारताच अनेकदा शांतता पसरते. बाजारात तयार प्रकल्प विकत मिळतात, ही बाबही आता लपून राहिलेली नाही. मात्र विद्यार्थ्याने प्रकल्प स्वतःच्या हातांनी जोडलेला असला तरी हा प्रश्न सुटतोच असे नाही. आकृतीबरहुकूम जोडणी करणे आणि परिपथ समजणे या दोन भिन्न क्रिया आहेत. या फरकाकडे दुर्लक्ष झाले, तर विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेवर प्रकल्पाचे उत्तम गुण दिसतात, पण परिपथ बंद पडताच तो विद्यार्थी हतबल होतो.

२. उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१) छंद म्हणून केल्या जाणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बदलत्या स्वरूपाचा संक्षिप्त आढावा घेणे.
२) परिपथांविषयीचे प्रमुख गैरसमज स्पष्ट करणे.
३) स्थानिक उदाहरणांच्या आधारे या गैरसमजांच्या निराकरणाचा मार्ग दाखविणे.
४) प्रकल्पांच्या मूल्यमापनासाठी व्यवहार्य सूचना मांडणे.

लेखाचे स्वरूप विवेचनात्मक आहे. प्रकल्पाच्या विश्लेषणातील रोधाची मूल्ये स्पष्टीकरणासाठी गृहीत धरली आहेत. प्रत्यक्षात ती प्रत्येकाने मोजूनच ठरवावयाची आहेत.

३. छंदाचा मागोवा

महाराष्ट्रात या छंदाची सुरुवात रेडिओपासून झाली, असे म्हणता येईल. मुंबईच्या रेडिओ क्लबने १९२३ मध्ये प्रक्षेपणाचे प्रयोग केले आणि २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. त्या काळातील स्फटिक-रेडिओ घरीही बनविता येत असे. त्यास विद्युत घटाची गरज नसे, कारण अँटेनाने पकडलेल्या लहरींच्या ऊर्जेवरच श्रवणयंत्र चाले. तारेची वेटोळी, स्फटिक, अँटेना आणि जमिनीत पुरलेली तार एवढ्या सामग्रीत परिपथाचा प्रत्येक भाग डोळ्यांना दिसत असे.

पुढे ट्रान्झिस्टर आले, त्यांच्यामागून एकात्मिक परिपथ आले. सिग्नेटिक्स या अमेरिकन कंपनीसाठी हान्स कॅमेंझिंड यांनी १९७१ मध्ये आरेखित केलेला ५५५ हा टायमर तर छंदवेड्यांच्या अनेक पिढ्यांचा सोबती ठरला. मुंबईतील लॅमिंग्टन रोड आणि पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्ली या बाजारपेठांनी सुट्या भागांची गरज भागविली. २००५ मध्ये इटलीतील इव्हरेया येथे आर्डुइनोचा जन्म झाला. विविध संवेदकांचे तयार फलक स्वस्त झाले आणि चार तारा जोडून थोडी आज्ञावली उतरविली की कार्य साधू लागले.

या प्रवासाने छंदाचे दार अनेकांसाठी उघडले, हे निःसंशय. मात्र त्याबरोबर परिपथ नजरेआड गेला. पूर्वीच्या विद्यार्थ्यास रेझिस्टरचे मूल्य ठरविल्यावाचून पुढे जाता येत नसे. आज ते काम फलक बनविणाऱ्याने आधीच केलेले असते. तयार फलक वापरणे दोषास्पद नाही, परंतु त्यातून परिपथाचे शिक्षण आपोआप होते हे मानणे मात्र चुकीचे आहे.

४. परिपथाविषयीचे गैरसमज

अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात लिलियन मॅकडरमॉट आणि पीटर शाफर यांनी केलेले व १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन या संदर्भात मूलगामी मानले जाते. त्यातील एक प्रश्न अत्यंत साधा आहे. सर्व दिवे एकसारखे आणि सर्व विद्युत घट आदर्श व एकसारखे आहेत. पहिल्या घटास एकच दिवा जोडला आहे, दुसऱ्या घटास दोन दिवे एकसर जोडणीत आणि तिसऱ्यास दोन दिवे समांतर जोडणीत जोडले आहेत. या पाचही दिव्यांचा तेजस्वीपणानुसार क्रम लावावयाचा आहे. एकटा दिवा आणि समांतर जोडणीतील दोन्ही दिवे सारखेच तेजस्वी असतील आणि एकसर जोडणीतील दोन्ही दिवे परस्परांशी सारखे पण इतरांहून मंद असतील, हे उत्तर होय. पदवी स्तरावरील भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे १५ टक्केच विद्यार्थी हे उत्तर देऊ शकले. विशेष म्हणजे, नेहमीच्या पद्धतीने हा विषय शिकवून झाल्यावरही या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही.

चुकीच्या उत्तरांमागे प्रामुख्याने तीन समजुती आढळतात. पहिली, विद्युतधारा दिव्यात खर्च होते आणि म्हणून पुढच्या दिव्यास कमी धारा मिळते. दुसरी, विद्युत घट नेहमी ठरावीक धारा देतो, मग त्यास काहीही जोडले तरी चालते. तिसरी, परिपथात एखाद्या ठिकाणी बदल केला तर त्याचा परिणाम केवळ त्या ठिकाणाच्या पुढील भागावर होतो, मागील भागावर होत नाही. या तिन्ही समजुती बाळगूनही विद्यार्थी आकृती पाहून प्रकल्प अचूक जोडू शकतो, हेच या विवेचनातील कळीचे तथ्य आहे.

५. वळवण ते खोपोली : एक जलपरिपथ

विद्युतधारेची तुलना पाण्याच्या प्रवाहाशी करण्याची प्रथा जुनी आहे. कुसगावच्या विद्यार्थ्यास मात्र ही तुलना पुस्तकात शोधावी लागत नाही, कारण ती त्याच्या परिसरात प्रत्यक्ष उभी आहे. टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनीची स्थापना १९१० मध्ये झाली आणि १९१५ मध्ये खोपोली येथील वीजकेंद्र सुरू झाले. वळवण, लोणावळा आणि शिरवटा येथील जलाशयांत मावळाचा पाऊस साठविला जातो. ते पाणी खंडाळ्याकडे नेऊन प्रचंड नळांतून घाटाखाली सोडले जाते आणि सुमारे ५०० मीटरच्या उतारानंतर खोपोली येथे जलचक्रे फिरविते.

या योजनेच्या आधारे तिन्ही गैरसमजांचा विचार करता येतो. घाटमाथा आणि खोपोली यांच्या उंचीतील फरक म्हणजे विभवांतर, नळातून दर सेकंदास जाणारे पाणी म्हणजे विद्युतधारा आणि जलचक्र म्हणजे परिपथातील दिवा, असे मानू या. जलचक्रातून जेवढे पाणी आत जाते तेवढेच बाहेर पडते आणि पाताळगंगेस मिळते. चक्राने पाणी ‘खाल्ले’ असे कोणीही म्हणणार नाही. खर्च झाली ती उंची, म्हणजेच उंचीमुळे पाण्यात असलेली ऊर्जा. दिव्यातही असेच घडते. धारा जेवढी आत जाते तेवढीच बाहेर येते, खर्च होते ती विद्युत ऊर्जा. पहिला गैरसमज येथे दूर होतो.

धरणात पाणी भरपूर असले तरी किती पाणी वाहील हे नळाच्या व झडपेच्या अवस्थेवर अवलंबून असते. धरण ठरावीक उंची पुरविते, ठरावीक प्रवाह नव्हे. विद्युत घटही त्याचप्रमाणे जवळजवळ ठरावीक विभवांतर पुरवितो आणि धारा मात्र परिपथाच्या रोधावर ठरते. तिसरा गैरसमज दूर करण्यासाठी खोपोलीची झडप बंद केल्याची कल्पना करावी. झडप नळाच्या तळाशी असूनही तिच्यामुळे वरचा संपूर्ण नळ स्तब्ध होतो. ‘पुढचा’ बदल ‘मागे’ही पोचतो, तो असा.

शक्तीचा हिशेबही येथे जुळतो. दर सेकंदास १ घनमीटर पाणी ५०० मीटर खाली आले, तर मिळणारी शक्ती १००० × ९.८ × ५०० म्हणजे सुमारे ४९ लाख वॉट, अर्थात ४.९ मेगावॉट असते. त्यातून यंत्रांतील घट वजा जाता उरलेली शक्ती वीज म्हणून हाती येते. उंची निम्मी केली तर तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह दुप्पट लागेल. विभवांतर आणि धारा यांचा गुणाकार म्हणजे विद्युत शक्ती, हे सूत्र पाठ करण्यापूर्वी विद्यार्थ्यास अशा रीतीने त्याचा अर्थ उमगू शकतो.

कोणत्याही उपमेस मर्यादा असतात. नळ फुटला तर पाणी बाहेर सांडते, परंतु तार तुटली तर विद्युतधारा सांडत नाही, ती थांबते. परिपथ पूर्ण होणे ही विद्युतधारेची अटच आहे. मग खोपोलीहून पाणी परत वर कसे जाते, असा प्रश्न विद्यार्थ्याने विचारावयास हवा. पाताळगंगा समुद्रास मिळते, सूर्याच्या उष्णतेने समुद्राच्या पाण्याची वाफ होते आणि नैर्ऋत्य मोसमी वारे ती घाटमाथ्यावर आणून पावसाच्या रूपाने रिती करतात. विद्युत घट परिपथात जे कार्य करतो, ते येथे सूर्य करतो. उपमेची मर्यादा तपासण्याची ही सवय उपमेइतकीच मोलाची आहे.

६. अर्धे खरवडलेले टोक

अरविंद गुप्ता यांनी पुण्याच्या आयुका संस्थेतील विज्ञान केंद्रातून टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांद्वारे विज्ञान घराघरांत पोचविले. त्यांनी लोकप्रिय केलेल्या प्रयोगांत साधी विद्युत मोटार विशेष प्रसिद्ध आहे. एक कोरडा घट, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक आणि इनॅमलचा लेप असलेल्या तांब्याच्या तारेचे एक वेटोळे एवढ्यात ती तयार होते. कृतीत एक सूचना असते : वेटोळ्याच्या एका टोकावरील लेप सर्व बाजूंनी खरवडावा, दुसऱ्या टोकावरील मात्र अर्ध्या बाजूनेच खरवडावा.

बहुतेक विद्यार्थी ही सूचना पाळतात आणि मोटार फिरते. परंतु ‘अर्ध्याच बाजूने का?’ या प्रश्नाच्या उत्तरात मोटारीचे संपूर्ण तत्त्व दडलेले आहे. दोन्ही टोके पूर्ण खरवडली तर अर्ध्या फेरीनंतर वेटोळ्यावरील बलाची दिशा उलटते आणि वेटोळे फिरण्याऐवजी पुढे-मागे झुलत राहते. अर्धे टोक खरवडल्याने प्रतिकूल अर्ध्या फेरीत धारा खंडित होते आणि वेटोळे स्वतःच्या गतीने ती अर्धी फेरी पार करते. म्हणून विद्यार्थ्यास न फिरणारी मोटार मुद्दाम बनवावयास सांगणे हा या प्रयोगाचा सर्वांत शैक्षणिक भाग ठरू शकतो. चालणारी मोटार आनंद देते, तर न चालणारी मोटार विचार करावयास भाग पाडते.

७. पाण्याची पातळी दाखविणारा परिपथ

आता एका परिचित प्रकल्पाचे तपशीलवार विश्लेषण करू. टाकी भरल्याचे किंवा पाऊस सुरू झाल्याचे सूचित करणारा परिपथ छंदाच्या प्रत्येक पुस्तकात आढळतो. ९ व्होल्टची बॅटरी, बीसी ५४७ हा ट्रान्झिस्टर, एक तांबडा एलईडी, त्याच्याबरोबर ४७० ओहमचा रेझिस्टर, बेसला १० किलोओहमचा रेझिस्टर आणि पाण्यात सोडलेल्या दोन तारा अशी त्याची सामग्री असते. पाणी तारांना स्पर्श करताच पाण्यातून बेसमध्ये अल्प धारा जाते, ट्रान्झिस्टर ती वर्धित करतो आणि एलईडी पेटतो.

समजा, विहिरीच्या पाण्यात दोन तारांमधील रोध ५० किलोओहम आहे. बेसच्या मार्गातील एकूण रोध ६० किलोओहम होईल. बेस व एमिटर यांतील ०.७ व्होल्ट वजा केल्यास बेसमधील धारा ८.३ भागिले ६०,०००, म्हणजे सुमारे ०.१४ मिलिअँपिअर येते. ट्रान्झिस्टरचे वर्धन १०० धरल्यास कलेक्टरमधील धारा सुमारे १४ मिलिअँपिअर होईल. एलईडीवरील २ व्होल्ट आणि ट्रान्झिस्टरवरील ०.२ व्होल्ट वजा जाता ४७० ओहममधून जाऊ शकणारी कमाल धारा सुमारे १४.५ मिलिअँपिअर आहे. एलईडी चांगला पेटतो आणि प्रकल्प यशस्वी ठरतो.

हाच परिपथ लोणावळ्याच्या पावसात ठेवला तर काय होईल? पावसाच्या ताज्या पाण्यात विरघळलेले क्षार फारच कमी असतात, त्यामुळे ते विहिरीच्या पाण्यापेक्षा पुष्कळ अल्प प्रमाणात वीज वाहून नेते. समजा, तारांमधील रोध आता १० लाख ओहम, म्हणजे १ मेगाओहम आहे. बेसमधील धारा ८ मायक्रोअँपिअरच्या आसपास येते आणि कलेक्टरमधील धारा १ मिलिअँपिअरपेक्षाही कमी राहते. एलईडी जेमतेम मिणमिणतो. परिपथ बिघडलेला नाही, पाणी बदलले आहे. ज्या विद्यार्थ्याने आकडे मांडले नाहीत, तो येथे ट्रान्झिस्टर बदलत बसतो.

यावरील रूढ उपाय म्हणजे दोन ट्रान्झिस्टर डार्लिंग्टन पद्धतीने जोडणे. दोघांची वर्धने गुणली जाऊन १०० × १००, म्हणजे १०,००० होतात. पावसाचे पाणी आता एलईडी लख्ख पेटवते. परंतु या ठिकाणी कुसगावच्या हवामानाची परीक्षा सुरू होते. पावसाळ्यात धुके आणि दमट हवा यांमुळे परिपथाच्या फलकावर पाण्याचा सूक्ष्म थर बसतो आणि तारांमध्ये गळतीचा मार्ग तयार होतो. त्याचा रोध १० मेगाओहम मानला तरी, बेस-एमिटरचे एकूण १.४ व्होल्ट वजा करून, ०.७६ मायक्रोअँपिअर धारा मिळते. ती १०,००० पटींनी वाढून ७.६ मिलिअँपिअर होते. पाऊस नसतानाही एलईडी पेटलेला राहतो. वाढविलेली संवेदनशीलता खोट्या इशाऱ्यास निमंत्रण देते.

उपाय पुन्हा आकड्यांतून सापडतो. पहिल्या ट्रान्झिस्टरचा बेस आणि बॅटरीचा ऋण ध्रुव यांच्यामध्ये १ मेगाओहमचा एकच रेझिस्टर जोडावा. केवळ गळती असेल तेव्हा ९ व्होल्टचे ११ भाग होऊन बेसवर सुमारे ०.८२ व्होल्ट येतात. डार्लिंग्टन जोडीस चालू होण्यासाठी १.२ ते १.४ व्होल्ट लागत असल्याने ती बंदच राहते. प्रत्यक्ष पावसाच्या वेळी पाण्यातून सुमारे ७.५ मायक्रोअँपिअर धारा येते. त्यापैकी १.४ मायक्रोअँपिअर नव्या रेझिस्टरमधून जाते आणि उरलेली सुमारे ६ मायक्रोअँपिअर धारा एलईडी पूर्णपणे पेटविण्यास पुरेशी ठरते. बाजारात अत्यल्प किमतीस मिळणारा हा एक रेझिस्टर खऱ्या व खोट्या इशाऱ्यातील सीमारेषा आखतो. तो कोणत्या मूल्याचा असावा हे सांगू शकणाऱ्या विद्यार्थ्यास परिपथ समजला, असे निःशंकपणे म्हणता येते.

या प्रकल्पात आणखी दोन धडे आहेत. पहिला मापनाविषयीचा. ०.८२ व्होल्ट मोजण्यासाठी बेसवर डिजिटल मल्टिमीटर लावला, तर बहुधा ०.७५ व्होल्टच दिसतील. अशा मीटरचा स्वतःचा रोध साधारणपणे १० मेगाओहम असतो आणि तो १ मेगाओहमच्या रेझिस्टरशी समांतर जोडला जाऊन एकूण रोध ०.९१ मेगाओहमवर आणतो. मोजण्याचे साधनही परिपथाचा भाग बनते, ही जाणीव पदवी स्तरावरही विरळच आढळते. दुसरा धडा काळाविषयीचा. तारांमधून सतत एकाच दिशेने धारा गेल्यास पाण्यात विद्युत अपघटन होते, धन तार झिजते, तिच्यावर क्षारांचे पुट चढते आणि काही काळाने परिपथ निकामी होतो. प्रदर्शनाच्या एका दिवसात हा दोष दिसत नाही. क्षणभरच विद्युत पुरवठा करणे, धारेची दिशा आलटून-पालटून बदलणे किंवा गंजरोधक पोलादाच्या सळ्या वापरणे हे त्यावरील उपाय होत.

८. पाबळ आणि खोडद : दोन आदर्श

प्रकल्प प्रदर्शनापुरता न राहता वापरात यावा, या विचाराचे महत्त्वाचे केंद्र पुणे जिल्ह्यातच आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रमाची स्थापना केली. प्रत्यक्ष कामातून शिकणे आणि गावास उपयोगी पडणाऱ्या सेवांमधून तंत्रज्ञान आत्मसात करणे, हे या संस्थेचे सूत्र आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या सहकार्याने २००२ मध्ये तेथे फॅब लॅब सुरू झाली. त्या संस्थेबाहेर सुरू झालेल्या अगदी पहिल्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते. या पद्धतीचे मर्म असे की, बनविलेली वस्तू गावात वापरली जाते आणि बिघडली तर बनविणाऱ्याकडेच परत येते. वर वर्णिलेला झिजणाऱ्या तारेचा दोष अशाच व्यवस्थेत उघड होतो.

जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, अर्थात जीएमआरटी, हे दुसरे उदाहरण होय. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या या दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाचे ३० अँटेना आहेत. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने येथे विज्ञान प्रदर्शन भरविण्याची परंपरा असून परिसरातील विद्यार्थी आपले प्रकल्प त्यात मांडतात. दूरच्या दीर्घिकांकडून येणारे अतिक्षीण संकेत ओळखणे आणि मानवनिर्मित गोंगाटातून ते वेगळे करणे, हे या दुर्बिणीपुढील आव्हान आहे. दमट फलकावरील गळतीतून पावसाचा खरा इशारा वेगळा करणारा विद्यार्थी अत्यंत लहान प्रमाणात हाच प्रश्न सोडवीत असतो. छंद आणि संशोधन यांत अंतर मोठे असले तरी मार्ग एकच आहे, हे विद्यार्थ्यास दाखवून देण्याची ही संधी आहे.

९. मूल्यमापनासाठी काही सूचना

उपरोक्त विवेचनाच्या आधारे महाविद्यालयीन अध्यापकांसाठी पुढील सूचना करता येतील.

१) परिपथास वीज जोडण्यापूर्वी विद्यार्थ्याने किमान तीन ठिकाणचे विभवांतर व धारा यांची अपेक्षित मूल्ये लिहून द्यावीत. जोडणीनंतर मोजलेली मूल्ये त्याच तक्त्यात नोंदवावीत.

२) तफावत ही चूक न मानता ती उकलण्यास गुण द्यावेत. उदाहरणार्थ, ५५५ टायमरला १० व ६८ किलोओहमचे रेझिस्टर आणि १० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर जोडल्यास एका आवर्तनाचा काळ सूत्रानुसार सुमारे १.०१ सेकंद येतो. कॅपॅसिटरच्या मूल्यात २० टक्क्यांची तूट-वाढ मान्य असल्याने प्रत्यक्ष काळ ०.८१ ते १.२१ सेकंद यांदरम्यान कोठेही असू शकतो. तंतोतंत सूत्राबरहुकूम आलेल्या मापनाकडेच उलट चौकसपणे पाहिले पाहिजे.

३) परीक्षेच्या वेळी परीक्षकाने परिपथात एखादा साधा दोष निर्माण करावा. एखादी तार काढावी किंवा रेझिस्टर बदलावा आणि विद्यार्थ्यास मल्टिमीटरच्या साहाय्याने तो दोष शोधावयास सांगावे. विकत घेतलेला प्रकल्प या कसोटीस उतरण्याची शक्यता फारच कमी असते.

४) प्रकल्प-वहीत अपयशांची नोंद अनिवार्य करावी. काय चालले नाही, कोणते कारण संशयित वाटले आणि ते कसे पडताळले, या तीन स्तंभांची नोंद पुरेशी आहे.

५) तयार फलकांवर बंदी घालू नये. मात्र प्रत्येक प्रकल्पातील किमान एक भाग विद्यार्थ्याने सुट्या घटकांपासून स्वतः आरेखित केलेला असावा.

६) छंद-प्रकल्प १२ व्होल्टपर्यंतच्या पुरवठ्यावरच करावेत. घरगुती २३० व्होल्टची वीज, विशेषतः पावसाळ्यातील ओलाव्यात, हाताळण्याचे काम अध्यापकांच्या प्रत्यक्ष देखरेखीशिवाय होऊ नये.

या सूचनांसाठी महागडी सामग्री लागत नाही. एक मल्टिमीटर, एक वही आणि अध्यापकाचा थोडा अधिक वेळ एवढीच त्यांची गरज आहे. यांपैकी अध्यापकाचा वेळ हीच खरी दुर्मिळ गोष्ट आहे, हे मान्य करावे लागेल. मोठ्या वर्गात प्रत्येक प्रकल्पात दोष निर्माण करून परीक्षा घेणे कठीण असते. अशा वेळी विद्यार्थ्यांच्या जोड्या करून त्यांनी एकमेकांच्या परिपथातील दोष शोधावेत, ही पद्धत अवलंबिता येईल.

१०. निष्कर्ष

१) प्रकल्प चालणे आणि परिपथ समजणे या भिन्न गोष्टी आहेत. परिपथविषयक मूलभूत गैरसमज बाळगूनही विद्यार्थी चालणारा प्रकल्प सादर करू शकतो.
२) गैरसमजांच्या निराकरणासाठी परिसरातील उदाहरणे प्रभावी ठरतात. कुसगाव परिसरातील विद्यार्थ्यांसाठी वळवण-खोपोली जलविद्युत योजना हे असे उदाहरण होय, मात्र उपमेच्या मर्यादाही शिकवावयास हव्यात.
३) छंदाचे शैक्षणिक मूल्य प्रामुख्याने बिघाडात आहे. आकडे वर्तविणे, मोजणे आणि तफावत उकलणे या क्रमाने गेल्यास बिघाड हाच शिक्षक बनतो.
४) मूल्यमापनाची पद्धत बदलली, तर तयार प्रकल्प विकत घेण्याची प्रेरणा क्षीण होण्यास मदत होईल, कारण गुण वस्तूस न मिळता तिच्या आकलनास मिळतील.

दर पावसाळ्यात वळवणचा जलाशय भरतो आणि कुसगावच्या आसमंतात धुके उतरते. त्या धुक्यात एखाद्या विद्यार्थ्याचा पातळीदर्शक अकारण पेटला, तर त्यास ‘प्रकल्प फसला’ असे न म्हणता ‘आता मोजमाप सुरू करा’ असे सांगणारा अध्यापक त्याच्याजवळ असावा, एवढीच या विवेचनाची अपेक्षा आहे.